कामाच्या लयीतून गाणे: रोजच्या जगण्यातून लोकगीत कसे बांधावे

लोकगीताच्या वळणाचे गाणे लिहायला बसलेला नवा गीतकार बहुधा शब्दांपासून सुरुवात करतो. शिवार, पाखरे, काळी आई, हिरवा शालू, पैंजण असे दहाबारा शब्द कागदावर उतरले की गाणे आपोआप गावाकडचे झाले, असा त्याचा समज असतो. परंतु ज्या बाईने पहाटे जात्यावर ओवी म्हटली, तिच्या मनात शिवाराचे कौतुक करण्याचा विचार नव्हता. तिला पायलीभर ज्वारी दळून संपवायची होती, हात भरून आले होते, शेजारी झोपलेले मूल उठायच्या आत काम आवरायचे होते, आणि त्या अवधीत मनातले जे बाहेर पडले ते जात्याच्या फेऱ्यात बसून बाहेर पडले. म्हणून लोकगीत लिहू इच्छिणाऱ्याने भावनेचा किंवा शब्दांचा शोध जरा पुढे ढकलावा आणि आधी काम शोधावे, असे माझे मत आहे. काम सापडले की लय सापडते, लयीबरोबर वस्तू येतात, आणि वस्तूंच्या पाठोपाठ माणसे येतात.

आधी काम, मग चाल

ओवी ही कामाची सोबतीण असल्याचा पुरावा बराच जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. पुढे १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीकेसाठी जो छंद वापरला त्याचेही नाव ओवीच आहे. पण त्या ग्रंथातल्या ओवीत आणि जात्यावरच्या ओवीत एक मोठा फरक असा की, जात्यावरची ओवी ऐकणाऱ्यासाठी रचलेली नसून मुख्यतः म्हणणारीच्या हातांसाठी रचलेली असते.

निरनिराळ्या कामांनी निरनिराळी गाणी कशी घडवली, हे नीट पाहिले तर चाल बांधण्याचे अर्धे शिक्षण तिथेच होते. जात्याची गती गोल आणि अखंड असते, त्यामुळे ओवीची ओळ एका दमात वाहत जाते. जात्याच्या मुखात वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालण्यासाठी हात खुंट्यावरून निघतो तिथे क्षणभर विसावा मिळतो. बैलांनी विहिरीचे पाणी ओढायच्या मोटेचे तसे नाही. बैल धावेवरून खाली उतरतात तेव्हा नाडा ताणला जातो, मोट वर येते, थारोळ्यात पाणी ओतले जाते आणि बैल मागे सरत पुन्हा वर येतात, म्हणून मोटेवरच्या गाण्यात एक लांब हाक असते आणि तिच्यामागे तितकीच लांब उसंत असते. कापणीच्या वेळची भलरी ही रांगेत चालणाऱ्यांची आहे, म्हणून तिच्यात एकजण ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात. कोणाचा हात मागे पडत असेल तर तो त्या उचलण्यामुळे बरोबर येतो. पाळण्याचा झोका जाऊन येतो, म्हणून त्याची ओळ दोन सारख्या तुकड्यांत मोडते, आणि तिचा शेवट नेहमी मऊ स्वरावर होतो, कारण शेवटी कोणाला तरी झोप लागायची असते.

आता घरोघरी जाती राहिली नाहीत आणि मोटाही गेल्या, हे खरे आहे. पण लयबद्ध कामे संपलेली नाहीत. धुण्याचा दगड, खुरपणी, चाळणीने धान्य चाळणे, कांद्याच्या गोण्या गाडीत चढवणे, शिवणयंत्राचा पायटा, पोळ्यांच्या कंत्राटावर सलग दोनशे पोळ्या लाटणे, रस्त्याच्या कामावर घमेली हातोहात पुढे देणे, यांपैकी प्रत्येक कामाला स्वतःचा ठेका आहे. तुम्हाला स्वतःच्या शरीराने ठाऊक असलेले एखादे काम निवडा. ते दहा मिनिटे प्रत्यक्ष करा आणि करताना तोंडाने निरर्थक अक्षरे गुणगुणा. जोर कुठे पडतो, श्वास कुठे घ्यावा लागतो, हात मोकळा कधी होतो, हे पाहा. जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे ओळ संपवा. इतके झाल्यावर ढोलकीवाल्याला विचारलेत तर तो तुमचा ठेका आठ मात्रांच्या केरव्यात किंवा सहा मात्रांच्या दादऱ्यात बसवून देईल. लोकगीतांचा फार मोठा भाग या दोन तालांत सुखाने नांदतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी ताल ठरवून मग त्यावर काम चिकटवायला गेलात, तर गाणे वाजेल ठीक, पण त्यात कोणी काम करत असल्याचे जाणवणार नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका कार्यक्रमासाठी खुरपणीचे गाणे लिहायचे होते आणि मला ते संथ, लांब सुरांचे, डोळ्यांपुढे सायंकाळ उभी करणारे सुचले. मोठ्या हौसेने मी ते शेतातल्या बायकांना म्हणून दाखवले. त्यांच्यातली वयाने मोठी असलेली बाई शांतपणे म्हणाली, ''हे म्हणत बसलो तर संध्याकाळपर्यंत पात पुरी व्हायची नाही.'' खुरप्याचा घाव तोकडा असतो, बसल्या जागी पुढे सरकायचे असते, आणि माझ्या गाण्यातला आलाप त्या हाताला पाच-सहा घावांइतका वेळ नुसता हवेत धरून ठेवत होता. चाल बदलल्यावर निम्मे शब्दही गळाले, आणि जे गळाले ते सगळे सायंकाळीविषयीचे होते.

वहीत काय टिपावे आणि काय टिपू नये

गीतकाराने वही बाळगावी, हा सल्ला सर्वजण देतात. त्या वहीत काय लिहावे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. माझा अनुभव असा की, भावना टिपून ठेवलेल्या वहीचा पुढे काही उपयोग होत नाही. ''आज फार उदास वाटले'' या वाक्यातून सहा महिन्यांनी काहीही उगवत नाही. ''ताईने नव्या कुकरची शिट्टी जुन्या कुकरला लावली आणि ती बसेना'' या वाक्यातून मात्र उगवू शकते, कारण त्यात वस्तू आहे, हाताची हालचाल आहे आणि न सांगितलेली एक अडचण आहे.

साधारणपणे तीन प्रकारच्या गोष्टी टिपण्याजोग्या असतात. भलत्या जागी दिसलेली वस्तू हा पहिला प्रकार, उदाहरणार्थ देवळीत ठेवलेला मोबाइल किंवा गोठ्यात टांगलेला शाळेचा गणवेश. ही वस्तू तिथे का आहे, याचे उत्तर शोधताना गोष्ट आपोआप हाती लागते. दुसरा प्रकार म्हणजे बोलता बोलता कोणाच्या तोंडून निघालेले, आपसूक लयीत पडलेले वाक्य. आपल्या बोलण्यात अशी वाक्ये भरपूर असतात, विशेषतः तक्रारीत आणि शिव्याशापांत, कारण रागात माणूस वाक्याचे वजन बरोबर सांभाळतो. असे वाक्य ऐकले की जसेच्या तसे लिहून ठेवावे, व्याकरण दुरुस्त करू नये, आणि शक्य तर त्याच दिवशी लिहावे, कारण दुसऱ्या दिवशी आपण ते नकळत प्रमाण मराठीत आठवतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. रोजच्या शिरस्त्यात कोणीतरी केलेला बारीकसा बदल असा तो प्रकार आहे. रोज चार कप चहा करणारी बाई एके दिवशी तीन कप करते. रोज सायकलवरून जाणारा मास्तर आज सायकल हातात धरून चालत जातो. दर सोमवारी बाजाराला निघणारी म्हातारी पिशवी काढते आणि पुन्हा खुंटीला अडकवते. लोकगीत नेमके अशा ठिकाणी सुरू होते, कारण शिरस्ता सर्वांना माहीत असल्यामुळे तो समजावून सांगावा लागत नाही आणि बदल तेवढा उठून दिसतो. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ भेटायला येतो, त्या वाटेवरची धूळ दिसते, त्याच्यासाठी काय रांधायचे याची धांदल दिसते. बहिणीला माहेरची किती ओढ होती हे निराळे सांगण्याची गरज पडत नाही.

कोणाला सांगायचे, हे ठरवा

कविता कोणालाही उद्देशून नसली तरी चालते. लोकगीताचे तसे नाही. ओवी म्हणणारी बाई जात्याशी बोलते, सखीशी बोलते, पावसाला दटावते, विठ्ठलाशी भांडते, दूरच्या आईला सांगावा धाडते. हे संबोधन केवळ शोभेचे नाही. पहाटेच्या वेळी दोघी समोरासमोर बसून दळत असत, घरातली बाकीची माणसे झोपलेली असत, आणि जात्याच्या घरघरीच्या आडोशाला सासरचा जाच, नवऱ्याचा राग, मुलाचे दुखणे हे सगळे बोलता येत असे. तोंडावर जे बोलायची सोय नव्हती ते दगडाला सांगितले जाई, आणि ऐकायला हवे त्याच्या कानावर ते पडलेच तर बाई म्हणू शके की, मी तर जात्याशी बोलत होते.

या आडवळणाचा गीतकाराने पुरेपूर उपयोग करून घ्यावा. सांगायची गोष्ट निश्चित झाली की स्वतःला विचारावे: ही गोष्ट खरे म्हणजे कोणाला सांगायची आहे, आणि त्याला ती सरळ का सांगता येत नाही? मग त्याच्याऐवजी कोणाला सांगता येईल? मुंबईला गेलेल्या मुलाबद्दलचे गाणे मुलाला उद्देशून लिहिले तर ते रडगाणे होण्याचा धोका असतो. तेच गाणे मुक्कामी एसटीच्या कंडक्टरला उद्देशून लिहिले, की शेवटची जागा रिकामी ठेव, कोणीतरी उतरायचे आहे, तर आईला स्वतःविषयी एक शब्दही बोलावा लागत नाही. संबोधन बदलले की गाण्यातले शब्द, त्यातला आदर किंवा सलगी, आणि काय लपवायचे हे सर्व बदलते. म्हणून एखादे गाणे काही केल्या जमत नसेल तर यमके बदलण्याच्या आधी ऐकणारा बदलून पाहावा.

एक गाणे बांधताना

हे सर्व प्रत्यक्षात कसे घडते, ते एका उदाहरणाने सांगतो. उन्हाळ्यात एका गावात टँकरच्या पाण्यासाठी हंडे रांगेत लावून ठेवलेले मी पाहिले. टँकर कधी येईल याचा नेम नसल्यामुळे बायका हंडे ठेवून घरी जात आणि रांग पुढे सरकली की जो तो आपला हंडा पुढे सरकवी. त्या रांगेत एक हंडा असा होता की, त्याची मालकीण बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि घरी तिची म्हातारी सासू एकटीच होती. तिचा हंडा शेजारीण न चुकता पुढे सरकवत होती. कोणी तिला तसे सांगितले नव्हते आणि कोणी हरकतही घेत नव्हते. वहीत मी एवढेच लिहिले: ''माहेरी गेलेलीचा हंडा रांगेत. शेजारीण पायाने सरकवते.''

पहिला खर्डा मी नेहमीच्या सवयीने लिहिला आणि त्यात कोरडी धरणी, डोळ्यांतले पाणी, घशाला पडलेली कोरड असे सगळे आले. दुष्काळावरच्या शेकडो गाण्यांत ते आधीच आलेले आहे. विशेष म्हणजे त्या खर्ड्यात हंडा तिसऱ्या कडव्यापर्यंत आलाच नव्हता. म्हणून मी पहिली दोन कडवी खोडली आणि थेट रांगेपासून सुरुवात केली. सांगणारी कोण असावी, हा पुढचा प्रश्न होता. बघणारा मी गाण्यात नकोच होतो. माहेरी गेलेली बाई बोलू लागली असती तर ते विरहाचे गाणे झाले असते, आणि सासू बोलली असती तर करुणेचे. हंडा सरकवणारी शेजारीणच ओवी म्हणते असे ठरवल्यावर गाणे हलके झाले, कारण तिला दुःख सांगायचे नाही, ती नुसते काम करत आहे.

मध्यान रातीला ग, टँकर आला पारापाशी
हंड्याला हंडा लागे, जशा बहिणी बहिणीशी

माहेरा गेली सई, हंडा तिचा ग रांगेत
पुढं सरकवते मी, माझ्या हंड्याच्या संगत

बाळंत झाली सई, गोड बातमी घरभर
टँकरवाल्या दादा, हंडा काठोकाठ भर

या तीन ओव्यांत काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. प्रत्येक ओवी दोन ओळींची आहे आणि प्रत्येक ओळ मधोमध तुटते, कारण जात्यावरची ओवी म्हणताना बहुधा तशीच म्हटली जाते. अक्षरांची संख्या मात्र काटेकोर नाही. लोकगीतात अक्षरे मोजण्यापेक्षा उच्चार मोजावेत. 'घरभर' या शब्दात लिहिताना चार अक्षरे दिसत असली तरी म्हणताना दोनच ठोके पडतात, आणि उरलेली जागा सूर लांबवून भरता येते. 'ग', 'बाई', 'माझ्या' असे शब्द पुष्कळांना भरतीचे वाटतात आणि ते काढून टाकले की ओळ घट्ट झाली असे वाटते. कागदावर ती घट्ट होते हे खरे, पण म्हणणारीचा श्वास घेण्याचा ओटा तुम्ही काढून घेतलेला असतो. त्याचप्रमाणे 'रांगेत' आणि 'संगत' हे यमक पूर्ण जुळत नाही, आणि ते तसेच ठेवण्यात मला काही गैर वाटत नाही. लोकगीत कानाला जुळल्यासारखे वाटले की पुढे जाते, आणि फार चोख यमक आले की लिहिणाऱ्याचा हात दिसू लागतो.

पहिल्या ओवीतली उपमाही तपासून घेतलेली आहे. लोकगीतात उपमा द्यावी की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ओव्यांत उपमा भरपूर असतात. कसोटी एवढीच की, गाणाऱ्या बाईच्या हाताबाहेरची वस्तू उपमेसाठी आणू नये. तिने समुद्र पाहिला नसेल तर तिच्या दुःखाला सागराची खोली देता येत नाही. विहिरीची देता येते.

बोली: स्वतःची वापरा, उसनी नको

ग्रामीण गाणे लिहायचे म्हणून 'मध्ये'चे 'मंदी' आणि 'आहे'चे 'हाय' करून टाकणे ही फार जुनी खोड आहे. बोली म्हणजे बिघडवलेली प्रमाणभाषा नव्हे. तिला स्वतःचे क्रियापदांचे नियम आहेत, स्वतःचे नातेवाचक शब्द आहेत, स्वतःचा हेल आहे, आणि सोलापूरकडची ओळ कोकणातल्या तोंडी घातली की दोन्हीकडचे लोक हसतात. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण येथे डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या या शेतकरी बाईला लिहितावाचता येत नव्हते. घरातले आणि शेतातले काम करताना त्या ज्या रचना म्हणत त्या त्यांच्या घरच्यांनी लिहून ठेवल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातले खानदेशी शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला आजही अडखळवतात, तरीही कोणी ते बदला असे म्हणत नाही, कारण तिथे बोली ही वेषभूषा म्हणून आलेली नाही. त्यांना दुसरे कसे बोलायचे हे ठाऊकच नव्हते.

तुमची घरची भाषा शहरी असेल तर शहरी मराठीतच लोकगीताच्या बांधणीचे गाणे लिहा. चाळीतल्या नळावरचे, लोकलच्या बायकांच्या डब्यातले, सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या खुर्चीवरचे गाणे का नसावे? टँकर, रिचार्ज, पाइप, ओटीपी असे शब्द आले तर लोकगीत बाटत नाही. लोकगीताने नव्या वस्तूंशी सोवळे कधीच पाळलेले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या भांडारात राम, सीता आणि विठ्ठल आहेत तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत, आणि ते त्याच दोन ओळींच्या साच्यात, भाऊ किंवा बाप म्हणून, घरातले होऊन आलेले आहेत. नवा विषय जुन्या नात्याच्या शब्दात बसवणे, ही त्या बायकांची खास हातोटी आहे आणि ती शिकण्यासारखी आहे.

पालुपद

पालुपदाबद्दल थोडक्यात सांगतो. ते गाणाऱ्याइतकेच झीलकऱ्यांचे, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्या साथीदारांचे, असते, म्हणून एकदा ऐकून उचलता येईल इतके सोपे असावे, आणि त्यात गाण्याचा सारांश सांगू नये. भोंडल्याच्या गाण्यांत एकेक वस्तू किंवा नाते वाढत जाते आणि ठरावीक ओळ परत परत येते. लहान मुलीही त्यात सहज सामील होतात, कारण पुढे काय येणार याचा अंदाज असतो आणि तरी दर खेपेला थोडे नवे कळते. उत्तम पालुपद तेच राहते आणि मधल्या कडव्यांमुळे त्याचा अर्थ सरकतो. ''पुढं सरकवते मी'' ही ओळ मी पालुपद म्हणून वापरून पाहिली होती. पहिल्या खेपेला ती हंड्याविषयी होती, तिसऱ्या खेपेला ती दिवस ढकलण्याविषयी वाटू लागली, आणि तेवढ्यासाठीच मी ती काढली, कारण ते फार हुशारीचे दिसत होते. तुम्ही कदाचित ठेवली असती.

घरची गोष्ट गावाची कशी होते

रोजच्या जगण्यातले गाणे लहानच राहिले पाहिजे असे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या काळात अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी लिहिलेल्या प्रसिद्ध छक्कडीत, म्हणजे लावणीच्या वळणाच्या गीतात, पोटासाठी मुंबईला आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, आणि तीच ताटातूट पुढे महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव-कारवारच्या मुलखाची होते. गीतकाराने यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम. आधी खरोखरीची बायको येते, तिचे रूप येते, निरोपाचा प्रसंग येतो. ऐकणाऱ्याचा जीव त्यात गुंतल्यावरच राजकारण येते. ज्यांना पाणीप्रश्नावर, कर्जावर किंवा स्थलांतरावर गाणे लिहायचे असते ते पुष्कळदा पहिल्याच ओळीत सरकारला हाक मारतात, आणि ऐकणारा तिथेच उठून जातो.

ज्यांचे गाणे त्यांना म्हणून दाखवा

दुसऱ्याच्या आयुष्यातून उचललेल्या गोष्टीची काही पथ्ये असतात. खरे नाव गाण्यात घालू नये. गावातल्या गावात ओळखू येईल असा तपशील असेल तर ज्याचा तो तपशील त्याला आधी विचारावे. एखाद्या बाईकडून पारंपरिक चाल किंवा ओळ मिळाली असेल तर कार्यक्रमात आणि ध्वनिमुद्रणात तिचा उल्लेख तिच्या संमतीने करावा. 'पारंपरिक' हा शब्द लिहून मोकळे होण्याची पद्धत मला आवडत नाही. पारंपरिक चालही कोणाच्या तरी गळ्यातून आपल्यापर्यंत आलेली असते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या कामावर गाणे आहे ते काम करणाऱ्यांना ते म्हणून दाखवावे. तिथे वाहवा मागायची नसते. कुठे हसू येते, कुठे कोणी मान फिरवते, कोणती ओळ दुसऱ्या खेपेला त्या स्वतः वेगळ्या शब्दांत म्हणतात, हे पाहायचे असते. लोकगीत हजार तोंडांतून बदलत जाऊन लोकगीत होते. आपल्याला निदान तीन तोंडे तरी मिळवता येतात.

टँकरचे गाणे मी त्याच गावातल्या तिघींना म्हणून दाखवले. पहिल्या दोन ओव्या त्यांनी ऐकून घेतल्या, बहिणींच्या उपमेला एकीने ''बहिणी कसल्या, भांडणं बघायची एकदा'' असा शेरा मारला, पण ती ओळ त्यांनी बदलली नाही. तिसऱ्या ओवीवर मात्र तिघीही एकदम बोलू लागल्या. टँकरवाला दादा हंडा भरत नाही, हे मला माहीत नव्हते. तो टँकर उभा करून बिडी ओढायला जातो. पाइप बायकाच धरतात, आणि पाइप जिच्या हातात असेल तिच्या मर्जीवर कोणाचा हंडा काठोकाठ भरायचा हे ठरते. माझ्या ओवीतली विनवणी चुकीच्या माणसाला केलेली होती. मग त्यांच्यातल्या धाकटीने ओळ स्वतःच फिरवली आणि म्हणून दाखवली:

बाळंत झाली सई, गोड बातमी घरभर
पाइप धर ग जाऊ, हंडा काठोकाठ भर

जाऊ म्हटल्याबरोबर बाकीच्या दोघी हसल्या. माहेरी गेलेली सई आणि पाइप धरणारी तिची जाऊ यांच्यात वर्षभर बोलणे नव्हते, हे मला त्या हसण्यानंतर कळले.